ज्याचं चाक त्याला

आमचे घरमालक खोली दाखवण्याआधी भाडेकरूला चालून दाखवायला लावत. मी महागावहून यवतमाळात जीएसटीची कामं करायला आले तेव्हा एका सायकलच्या दुकानावर खोली रिकामी आहे असं कळलं. गेले. दुकानात एक उंच, किडकिडीत, साठी ओलांडलेले गृहस्थ चाकाला कान लावून बसले होते. मी "खोली बघायची होती" म्हटलं, तर त्यांनी मान न उचलता ओठांवर बोट ठेवलं. बराच वेळ मी तशीच उभी. मग त्यांनी चाक खाली ठेवलं आणि रस्त्यापलीकडचा विजेचा खांब दाखवला.

"त्या खांबालोग जाऊन या."

"कशाला?"

"कायले म्हनजे? वरते तुम्ही राहनार, खालते मी काम करनार. टाचा आपटत चालनारी बाई मले नाही पाह्यजे."

माझा स्वभाव तसा तापट. पण भर उन्हात चार खोल्या पाहून झाल्या होत्या आणि चारही ठिकाणी आधी लग्नाची चौकशी झाली होती. त्यापेक्षा चाल बरी, म्हणून मी खांबापर्यंत जाऊन आले. "डावा पाय जोरानं पडते तुमचा," ते म्हणाले, "पन चालन." तेवढ्यात आतून त्यांची बायको पदराला हात पुसत आली आणि किल्ली माझ्या हातात देत म्हणाली, "घे बाई. मले पाहाले आलते तवा मलेबी अशीच चालवली होती यायनं."

त्या दिवसापासून ते काका आणि त्या काकू. पुढे मी त्यांच्या दुकानाचे हिशेबही पाहू लागले आणि रात्री खालीच जेवू लागले. काका मला जीएसटीबाई म्हणत.

सायकल विकणं हा त्या दुकानातला सर्वात अवघड प्रकार होता. गिऱ्हाईक आलं की काका आधी त्याला बाकावर बसवत, मग उभं करत, मग शिंप्याची टेप काढून पायांची आतल्या बाजूने उंची मोजत. हाताची लांबी, पाठीचा वाक, सगळं झालं की विचारत, "जाता कुठं तुम्ही सायकलनं?" उत्तर पटलं नाही तर सायकल नाही. "घाई हाये," असं म्हणणाऱ्याला ते समोरचं मोटरसायकलचं शोरूम दाखवत. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस आला. साहेबांच्या वाढदिवसाला शाळेतल्या मुलींना वाटायला ट्रकभर सायकली हव्या होत्या. काकांनी विचारलं, "पोरी कुठं हायेत?"

"कोणत्या पोरी?"

"ज्याइले द्याच्या त्या. मापं घ्या लागतीन ना."

तो हसला. म्हणाला, एकाच मापाच्या द्या सगळ्या. काकांनी टेप गुंडाळून खिशात घातली आणि म्हणाले, "तुमचे कार्यकर्ते सगळे एकाच मापाची चड्डी घालतात काय?" ऑर्डर गेली. काकूंनी त्या दिवशी वाढताना वाटी जरा जोरात आदळली, एवढंच.

चाक बांधताना ते एकेक तार बोटाने छेडून तिचा आवाज ऐकत. चाक डावी-उजवीकडे लटपटायचं थांबेपर्यंत तारा कसायच्या, याला सायकलवाले आऊट काढणं म्हणतात. बाकीचे दुकानदार डोळ्याने आऊट काढतात, हे कानाने काढत. त्या वेळात घरात कुकर लावायची बंदी होती. शिट्टी झाली की ते सगळ्या तारा सैल करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. मी एकदा वर मिक्सर लावला तर जिन्याखालून ओरडले, "बाई, तुमच्या चटनीनं माहं चाक गेलं!" मीही वरून ओरडले की मला ऑफिसला जायचंय. त्यानंतर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं ऐकायचं ठरलं.

आणि त्यांचं ते जोडीचं वेड. त्यांचे वडील बैलबाजारात दलाली करत. एकदा एका गिऱ्हाइकाला जोडीतला उजवाच बैल हवा होता, पैसेही तो जास्त देत होता. वडील म्हणे बैलांच्या पुढ्यात मांडी घालून बसले आणि दोन्ही नेत असशील तरच उठेन म्हणाले. ही गोष्ट काका वारंवार सांगत आणि दर खेपेला त्या बैलाचा रंग बदलत असे. शेवट मात्र तोच. "जोडी मोडली का उजवाबी बसते अन डावाबी बसते. मंग मारा किती माराचं त्याइले." काकांच्या लेखी सायकलचंही तसंच होतं. फ्रेम, पुढचं चाक धरणारा चिमटा, दोन चाकं ही एकमेकांसोबत तपासून, पारखून निवडायची आणि एकदा निवडली की त्यांना वेगळं करायचं नाही. एका सायकलचं चाक दुसरीला लावणं हे त्यांना पाप वाटे. दुरुस्तीला आलेल्या सायकलींचीही चाकं ते दोरीने आपापल्या फ्रेमला बांधून ठेवत.

खरं सांगायचं तर मला यात काही तथ्य वाटत नसे. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. दोन चाकं शेजारी शेजारी फिरवून बघितली, मला काडीचा फरक दिसला नाही. काका रागावले नाहीत. म्हणाले, "तुमच्या त्या कागदात एक रुपाया इकडचा तिकडं झाला तं तुमाले दिसते. मले नाही दिसत. मंग काय तुमचं काम खोटं झालं काय?" या बोलण्याचा मला बराच वेळ राग येत राहिला.

परदेशातून माल आणायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते गावातल्या डॉक्टर-प्राध्यापक मंडळींमुळे. ही मंडळी पहाटे गियरच्या महागड्या सायकली घेऊन निघत आणि काही बिघडलं की काकांकडे येत. त्या सायकली उघडताना काकांचा जीव तळमळे. "यंत्रानं बांधेल चाक हाये हे. कोनी हात नाही लावला याले. पोरकं हाये." मग त्यांनी ठरवलं की तैवानहून चांगल्या फ्रेमी, रिंगा, हब, गियर मागवायचे, टायर-सीट-पायडल इथलेच घ्यायचे आणि सायकल इथे, आपल्या हाताने उभी करायची. गावातल्या तीसचाळीस लोकांची मापं त्यांनी घेऊनही ठेवली.

मालाचे पैसे आधी पाठवायचे होते. ते काकूंच्या वावरावर, म्हणजे शेतावर, उभे राहिले. कळंबजवळ काकूंचं माहेरचं वावर होतं, त्यांच्या वडिलांनी भावांचा विरोध पत्करून लेकीच्या नावे केलेलं. कपाशी आणि तूर. काकू स्वतः एसटीने जाऊन निंदण-वेचणी बघत, मजुरांशी भांडत आणि परत येताना त्यांचा चेहराच वेगळा असे. घर काकांचं, दुकान काकांचं, पण वावरात गेल्यावर लोक काकूंना त्यांच्या वडिलांच्या नावाने ओळखत. ते वावर त्यांनी बँकेत गहाण ठेवलं. सही करताना मी हजर होते. काकांनी विचारलं, "करू ना?" काकू म्हणाल्या, "मंग काय मी इथं पान खाले आली?"

तैवानच्या कंपनीला इंग्रजीत मेल मी लिहायचे आणि काका मागे उभे राहून सांगायचे. कंपनीने कळवलं की सगळ्या फ्रेमी एका खोक्यात, सगळ्या रिंगा दुसऱ्यात असं भरलं तर स्वस्त पडेल, माप सारखंच आहे. काका म्हणाले, लिहा, तसं चालणार नाही. प्रत्येक सायकलचे भाग एकमेकांना लावून तपासायचे, मग एका पेटीत भरायचे आणि त्या पेटीतल्या प्रत्येक तुकड्यावर एकच नंबर टाकायचा. "लिहा, आमच्याकडं जोडी मोडत नाहीत." मी तेवढं सोडून बाकीचं लिहिलं. कंपनीने जादा पैसे घेतले आणि सांगितलं तसं केलं.

नेमकं तेच नडलं.

सायकलचे सुटे भाग आणले तर कस्टमची ड्युटी कमी आणि अख्खी सायकल आणली तर जास्त. हे मलाही ठाऊक होतं आणि आम्ही आणत होतो ते भागच, त्यामुळे कागदावर भाग म्हणून लिहिलं. पण कायद्याची आणखी एक मेख आहे. सायकल उकलून पेटीत भरली म्हणून ती भाग होत नाही, सायकलच राहते. नागपूरच्या कंटेनर डेपोत कस्टमच्या लोकांनी पेट्या उघडल्या. प्रत्येक पेटीत एक फ्रेम, एक चिमटा, दोन चाकं, आणि सगळ्यावर एकच नंबर. त्यांनी माल अडकवला. या भागांच्या पेट्या नाहीत, एकेका पेटीत एकेक सायकल आहे, नुसती जोडायची बाकी आहे, आणि तुम्ही ती लपवून भाग म्हणून दाखवली, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते खरं ठरलं तर वरची ड्युटी, शिवाय दंड, नाही भरला तर माल जप्त. भरायला आमच्याकडे काही नव्हतं. माल सुटला नाही तर काकूंचं वावर जाणार, इतकं ते साधं होतं.

मी हे घाबरत घाबरत सांगितलं तेव्हा काकांचा चेहरा खुलला. विश्वास बसणार नाही, पण खुलला.

"समजते त्या मानसाले!" ते म्हणाले. "पेटीत पाहून वळखलं त्यानं. बरोबर हाये त्याचं, सायकलच हाये ते."

"काका, हे पुन्हा कुठे बोलू नका," मी म्हटलं.

"काहून?"

काहून ते मी पुन्हा एकदा समजावलं. या वेळी वावर हा शब्द आला आणि काकांनी दाराकडे बघितलं. काकू दारात उभ्या होत्या. त्या वळून आत गेल्या.

पुढचे महिने फार वाईट गेले. दुकानात सामान नव्हतं, मापं देऊन बसलेले लोक विचारायला येत आणि काका त्यांच्यावर खेकसत. बँकेतून फोन यायचे, ते काका मला घ्यायला लावत. काकूंनी वावराचं नाव घरात काढणंच बंद केलं. जात होत्या, पण कुठे जाते ते न सांगता पिशवी उचलायच्या आणि संध्याकाळी तशाच मुकाट परत यायच्या. जेवताना तिघांच्या ताटांचा तेवढा आवाज. वर माझ्या खोलीत असले तरी खालची ती शांतता मला ऐकू येई आणि माझं कामात लक्ष लागत नसे.

आम्ही नागपूरचे एक वकील केले. बडीशेप चघळत हळू बोलणारे गृहस्थ. कस्टमच्या साहेबांपुढल्या सुनावणीच्या आधी ते यवतमाळला येऊन गेले आणि त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. टायर, सीट, पायडल पेटीत नाहीत ही आपली जमेची बाजू. अडचण एकच, ते नंबर. "साहेब विचारतील, हे चाक या फ्रेमसाठीच आहे का. तुम्ही म्हणायचं, नाही, कोणतंही चाक कोणत्याही फ्रेमला चालतं. नंबर मोजणीच्या सोयीसाठी टाकलेत. बस्स, एवढंच."

"हे मी नाही बोलनार," काका म्हणाले.

"त्यात खोटं काय आहे? बसतं ना कोणतंही?"

"बसते. तुमचा कोट मलेबी बसन. म्हनून तो माहा होते काय?"

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. माझा तोल गेला. "काका, वावर तुमचं नाहीये, काकूंचं आहे!" मी ओरडले. काका उठले. "मले मालूम हाये कोनाचं हाये ते," म्हणाले आणि दुकानाच्या मागच्या अंगणात जाऊन नळाखाली हात धूत राहिले. वकील गेले तरी ते धूतच होते.

मी काकूंकडे गेले. त्या तुरीचे दाणे निवडत होत्या. म्हटलं, "तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील ते."

"मी नाही सांगनार."

"अहो पण का?"

"कायले सांगू? त्याइले मालूम नाही काय?" त्यांनी सुपातली तूर पाखडली. "तूबी आता काही बोलू नको बाई. बोलून बोलून बोथट झालं सारं."

सुनावणीच्या दिवशी आम्ही भाड्याच्या गाडीने निघालो. काका पुढे, काकू आणि मी मागे. काकूंना कुणी या म्हटलं नव्हतं, त्या लुगडं बदलून गाडीत येऊन बसल्या होत्या. कळंब आलं. चिंतामणीच्या देवळाकडे वळणाऱ्या रस्त्याशी ड्रायव्हरने गाडी हळू केली. काका मागे न बघता म्हणाले, "थांबाचं काय?" काकू म्हणाल्या, "नको." गावाबाहेर पडल्यावर उजव्या हाताला त्यांचं वावर लागतं, हे मला माहीत होतं. मी काकूंकडे बघितलं. वावराकडे त्या बघत नव्हत्या, समोर काकांच्या मानेकडे बघत होत्या. मला वाटलं आता बोलतील. काकांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी आरशातून दोनदा मागे बघितलं. वर्धा गेलं तरी काकू काही बोलल्या नाहीत.

साहेबांनी सुनावणी डेपोतच ठेवली होती, माल समोर हवा म्हणून. पत्र्याची मोठी शेड, आत भट्टीसारखा उकाडा. साहेब माझ्या अपेक्षेपेक्षा तरुण निघाले. कोकणाकडचे असावेत, बोलणं स्वच्छ आणि फार सभ्य. त्यांनी काकूंना खुर्ची आणि पाणी द्यायला लावलं. मला त्या सभ्यपणाचीच जास्त भीती वाटली. खडूस माणसाशी भांडता येतं.

वकिलांनी टायर-सीटचा मुद्दा मांडला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, "दोन पेट्या उघडून बघू या." हमालांनी जमिनीवर ताडपत्री टाकली, दोन पेट्या फोडल्या आणि सामान बाहेर काढायला सुरुवात केली. काका हात मागे बांधून उभे होते. एक फ्रेम डावीकडे, दुसरी उजवीकडे. चिमटे. गियर. मग एका हमालाने डाव्या पेटीतलं चाक उचललं आणि उजव्या फ्रेमला टेकवलं.

"ओ भाऊ!" काका ओरडले. "ते त्याचं नाही!"

पत्र्याखाली तो आवाज घुमला. हमाल चाक हातात धरून तसाच थांबला. वकिलांचं बडीशेप चघळणं थांबलं.

साहेब पुढे आले. "काय म्हणालात?"

काका त्या चाकाकडेच बघत होते.

"म्हणजे हे चाक त्याच फ्रेमसाठी निवडलेलं आहे? प्रत्येक पेटी म्हणजे एक ठरलेली सायकल?" साहेबांनी हातातला पेन खाली केला. "घाई करू नका. तुम्ही या धंद्यात इतकी वर्षं आहात. तुम्ही सांगाल ते मी लिहून घेणार आहे, आणि त्यावर निकाल बराचसा ठरणार आहे."

काकांनी काकूंकडे बघितलं. काकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. त्यांनी मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही सांगितलं नाही. त्या फक्त त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला ओरडावंसं वाटत होतं. पलीकडे एक ट्रक मागे येताना पीं पीं करत होता, तो थांबला.

"सवय हाये साहेब," काका म्हणाले. "म्हाताऱ्या मानसाची खोड. कोनतंबी चाक कोनालेबी चालते."

"मग नंबर?"

"मोजाले बरे पडतात."

साहेबांनी लिहून घेतलं. मग ते म्हणाले, "दाखवा बसवून. त्या पेटीतलं चाक या फ्रेमला."

चाकं त्या कंपनीने तपासण्यापुरती बांधून पाठवली होती, बसवायला फारसा वेळ लागणार नव्हता. काका ताडपत्रीवर उकिडवे बसले. त्यांनी हमालाच्या हातून चाक घेतलं. मी त्यांना शेकडो वेळा चाक हातात घेताना बघितलं होतं. चाक हातात आलं की ते आधी तारेला बोट लावत. या वेळी लावलं नाही. पाना घेतला, फ्रेमच्या मागच्या खाचांत चाक सरकवलं, नट आवळले. हात जराही चुकला नाही. वकिलांनी मागे सांगून ठेवलं होतं की जोडून दाखवायची वेळ आलीच तर थोडं अडखळा, म्हणजे सायकल तयार नव्हती असं दिसेल, पण ते त्यांना जमलं नसतंच. चाक बसलं. काकांनी फ्रेम उचलून धरली आणि चाक फिरवलं.

साहेब वाकून बघत होते. चाक सरळ फिरत होतं, मला तरी तसंच दिसलं.

"छान चाललंय की," साहेब म्हणाले.

"हाव," काका म्हणाले. "छान चालते."

मोजणीसाठी बाकीच्या पेट्याही उघडायच्या होत्या. हमालांनी विचारलं, परत कशा भरायच्या? साहेबांनी सहज उत्तर दिलं, "कशाही भरा, यांना चालतं." त्यात टोमणा नव्हता. मग तास-दोन तास सगळ्या फ्रेमी एकीकडे आणि चाकं दुसरीकडे पडत राहिली. काका तिथेच उभे राहिले. मी म्हटलं, सावलीत या, तर म्हणाले, "पाहू द्या."

परतताना गाडीत मी आणि वकील फोनवर बोलत होतो, दोघंही उत्साहात. काका झोपल्यासारखे डोळे मिटून होते. झोपले नव्हते, हे मानेवरून कळत होतं.

निकाल आमच्या बाजूने लागला. माल म्हणजे सुटे भाग, सायकल नव्हे, ड्युटी कमीच, दंड नाही. मी जिना धडधडत उतरले, टाचा आपटत, आणि पेढे आणले. काका दुकानात होते. सामान येऊन पडलं होतं, ढीगच्या ढीग. ते म्हणाले, "काय लिहिलं ते वाचून दाखवा. मराठीत सांगा." मी सांगितलं. आयातदारांना या व्यवसायाचा प्रदीर्घ अनुभव आहे आणि त्यांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे व दाखवल्याप्रमाणे कोणतंही चाक कोणत्याही फ्रेमला चालतं, सबब.

"माहं नाव हाये त्याच्यात?"

"आहे ना."

त्यांनी मान डोलावली आणि ढिगातली हाताला लागेल ती फ्रेम ओढली. मग हाताला लागेल ते चाक. मी बघत राहिले. दोन्हीवरचे नंबर वेगळे होते, मला उभ्या जागेवरून दिसत होते.

"काका, नंबर आहेत की सगळ्यांवर. एका दुपारी लागतील जोड्या. मी लावू लागते तुम्हाला."

"नको."

"अहो, आता माल सुटला. आता कोण बघायला येतंय?"

"मी म्हटलं ना तिथं, कोनतंबी कोनालेबी चालते म्हनून. सरकारच्या कागदावर हाये ते." त्यांनी नट आवळला. "आता ते खरं कराले पाह्यजे. नाही तं मी खोटं बोललो असं होईन."

त्यांनी सगळ्या सायकली तशाच बांधल्या. भराभर बांधल्या, एरवी महिना लागला असता त्या आठवड्यात उभ्या झाल्या. लोक आले. काका बाकावरून न उठता म्हणायचे, "घ्या यातली कोनतीबी." घेतलेली मापं त्यांनी विचारली नाहीत. सायकली उत्तम चालल्या, डॉक्टर मंडळी खूश झाली, एकही तक्रार आली नाही. बँकेचे पैसे फिटले. मला आनंद झाला होता आणि त्याच वेळी दुकानासमोरून जाताना मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

वावराचे कागद सुटून आले त्या दिवशी मी ते काकूंना नेऊन दिले. त्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. कागद त्यांनी कपाळाला लावले, मांडीवर ठेवले आणि त्यांना रडू आलं. मला वाटलं, सुटकेचं. मी म्हटलं, "काकू, वाचलं ना वावर."

"वाचलं," त्या म्हणाल्या. डोळे पुसले, बाहेर दुकानाकडे एकदा बघितलं. "मी नाही म्हटलं त्याइले, खोटं बोला म्हनून. गाडीत सारा रस्ता तोंडात आलतं माह्या, पन नाही म्हटलं. म्हनाले पाह्यजे होतं वं बाई. म्हटलं असतं तं आज माह्यावर चिडले तरी असते. आता कोनावर चिडतीन ते?"